यंत्र भंगारात देण्याआधी चित्र उतरवून घेऊ द्या : खान्देशातील व्हिडिओ गेम यंत्रांच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील जुन्या व्हिडिओ गेम पार्लरांचे मालक, यात्रांमध्ये खेळयंत्रे लावणारे व्यावसायिक आणि ही यंत्रे विकत घेणारे भंगार व्यापारी यांस,

विषय : जुन्या खेळयंत्रांवरील नाजूक चित्रांची, यंत्रे मोडण्यापूर्वी, डिजिटल प्रत करून घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी धुळ्यात स्क्रीन प्रिंटिंगचा व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, दुकानांचे स्टिकर, पिशव्या आणि डब्यांवरची छपाई हे माझे रोजचे काम. परंतु हे पत्र ज्या छपाईविषयी आहे ती आपल्या गोदामांत, पडव्यांत आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. नाण्यावर किंवा टोकनवर चालणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या बाजूंवरची चित्रे, माथ्यावरची आतून दिवा लावून उजळणारी पाटी, पडद्याभोवतीची छापील काच आणि जॉयस्टिक-बटणांखालचा रंगीत थर यांची, यंत्र मोडण्यापूर्वी किंवा नव्याने रंगवण्यापूर्वी, एक चांगली डिजिटल प्रत करून घेऊ द्यावी, अशी आपणांस विनंती आहे. यंत्र आपलेच राहील आणि चित्रही यंत्रावरच राहील. मला आणि माझ्यासोबत येणाऱ्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना आपला एक दिवस, थोडी सावली आणि विजेचा एक प्लग हवा आहे.

आपल्यापैकी काहींनी मला असे विचारले की, हे खेळ तर आता मोबाइलवरही मिळतात, मग या प्लायवूडच्या खोक्यांसाठी एवढी धडपड कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही त्या प्रश्नातच आहे. खेळ हा चिपमध्ये असतो. चिपमधली माहिती वाचून घेता येते आणि जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी ती वाचून घेतलेली आहे. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ या प्रणालीमुळे हजारो जुने खेळ आज साध्या संगणकावर जसेच्या तसे चालतात. आपल्या यंत्रातला बोर्ड उद्या जळाला, तरी त्यावरचा खेळ बहुधा कोठे ना कोठे शिल्लक राहील. चित्राचे तसे नाही. ते चिपमध्ये नव्हते, बोर्डावर नव्हते. ते फक्त लाकडावर, काचेवर आणि प्लास्टिकच्या पातळ थरावर होते, आणि लाकूड फुगले, काच फुटली किंवा तो थर सोलला गेला की ते संपले.

शिवाय हे चित्र खेळापासून वेगळे नव्हतेच. तैतो या जपानी कंपनीच्या १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये पडदा काळापांढरा होता, त्यावर दिसणारे रंग हे पडद्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे होते. म्हणजे ज्याने ती पट्टी काढून टाकली, त्याने खेळातला रंगच काढून टाकला. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये पडद्यावर तोंडाची उघडझाप करणारा एक पिवळा गोळा दिसतो, एवढेच, पण अमेरिकेत मिडवे कंपनीने बाजारात आणलेल्या यंत्राच्या बाजूवर त्याच गोळ्याला डोळे होते, पाय होते आणि तो पळत होता. त्या काळचा पडदा मोजक्या ठिपक्यांचा होता आणि त्यात माणसाचा चेहरा मावत नसे. आपण कोण आहोत, कोणाशी लढतो आहोत, कोठे निघालो आहोत, हे खेळणाऱ्या मुलाला सांगण्याचे काम यंत्राच्या अंगावरच्या चित्रानेच केले. ज्यांनी ती चित्रे काढली, त्यांपैकी अटारी कंपनीचे बोधचिन्ह रेखाटणारे जॉर्ज ऑपरमन यांच्यासारखी थोडी नावे आज ठाऊक आहेत. बाकीच्यांनी कंपनीच्या पगारावर काम केले आणि चित्रावर सहीसुद्धा केली नाही.

आता आपल्या खान्देशाकडे येतो, कारण मला खरी काळजी येथली आहे. एसटी स्टँडाजवळच्या, रेल्वे स्टेशनासमोरच्या आणि टॉकीजच्या बोळातल्या पार्लरांमध्ये जी यंत्रे होती, आणि जी सारंगखेड्याच्या, अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या किंवा धुळ्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेत पाळण्यांच्या बाजूला ताडपत्रीखाली लागत, त्यांतली मी पाहिलेली बरीचशी यंत्रे परदेशातून जशीच्या तशी आलेली नाहीत. त्यांचा सांगाडा इथल्याच सुताराने प्लायवूडमध्ये बांधलेला आहे, कडांना सनमायका आहे, आत बाहेरून आणलेला बोर्ड आणि टीव्हीची पिक्चर ट्यूब आहे, आणि बाजूंवर सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या पेंटरने ऑइल पेंटमध्ये काढलेली चित्रे आहेत. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला आपल्याकडची मुले त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’च म्हणत, तो पिवळ्या टोपीचा मुस्तफा मी एका यंत्रावर असा पाहिला की त्याचा चेहरा, मिशा आणि उभे राहण्याची ढब थेट त्या काळच्या हिंदी सिनेमाच्या नायकाची होती. पेंटरने परदेशी चित्र पाहिलेले नव्हते, किंवा पाहिले असले तरी ते त्याने मानले नाही. त्याला जो वीर ठाऊक होता तो त्याने काढला. शेजारी सुबक देवनागरीत लिहिलेले होते : ‘एका टोकनला एकच खेळ. मशीनवर हात आपटू नये.’

परदेशी कंपनीने छापलेल्या चित्राच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या. त्यांतली एखादी अमेरिकेत रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात किंवा एखाद्या संग्राहकाच्या घरी सुखरूप असण्याची शक्यता आहे. आपल्या पेंटरचा मुस्तफा एकच आहे. ज्यांनी तो काढला ती पिढी फ्लेक्स आल्यावर या धंद्यातून बाहेर पडली, त्यांच्या कामाचे फोटो कोणी काढले नाहीत, आणि अशी चित्रे जपून ठेवणारे संग्रहालय माझ्या पाहण्यात नाही. म्हणून माझ्या लेखी क्रम स्पष्ट आहे : हाताने रंगवलेल्या स्थानिक यंत्रांची प्रत सर्वांत आधी, छापील परदेशी यंत्रांची त्यानंतर. आपल्याला कदाचित उलट वाटत असेल, कारण ‘इंपोर्टेड’ यंत्राला चार पैसे जास्त मिळतात; पण किंमत आणि दुर्मिळता या येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९८५ साली जपानमध्ये ‘जामा’ नावाची ५६ पिनांची एक ठरावीक जोडणी प्रचारात आली आणि त्यानंतर एकाच सांगाड्यातला बोर्ड काढून दुसरा बसवणे अगदी सोपे झाले. त्यामुळे बाहेर एका खेळाचे चित्र आणि आत भलताच खेळ, अशी यंत्रे आपल्याकडे सर्रास आढळतात आणि मालक म्हणतात, ‘याचे चित्र चुकीचे आहे, हे काय कामाचे?’ कृपया असे समजू नये. अनेकदा जुन्या चित्रावर सरसकट काळा रंग मारून नव्या खेळाची पाटी लावलेली असते आणि त्या काळ्या रंगाखाली मूळ चित्र शाबूत असते. असा रंग आपण स्वतः थिनरने किंवा पॉलिश पेपरने काढू नये. तो काढण्याआधी वरच्या थराचीही नोंद व्हायला हवी, कारण तोही त्या यंत्राच्या आयुष्याचा भाग आहे.

ही चित्रे एवढी नाजूक का, हे माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. माथ्यावरच्या पाटीचे चित्र काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या मागच्या बाजूला उलटे छापलेले असते, म्हणजे समोरून पाहताना ते काचेतून सुलटे दिसते आणि पुढून पुसले तरी झिजत नाही. छपाईचा क्रमही त्यामुळे उलटा असतो : आधी काळ्या रेषा, मग एकेक रंग, आणि सर्वांत शेवटी दिव्याचा उजेड सारखा पसरावा म्हणून पांढरा थर. ही शाई काचेत मुरत नाही, ती काचेवर फक्त चिकटून बसते. मागे ट्यूबलाइट आणि तिचा चोक तापतो, रात्री थंड होतो. काच आणि शाई सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे हे तापणे-निवणे चालले की शाईची पकड सुटते. त्यात आपल्याकडचा मे महिना, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. मग पावसाळ्यात प्लायवूड खालून ओल ओढते, थर सुटतात, आणि बाजूचे चित्र जमिनीकडून वर असे कुजत जाते. वाळवी तर आपणांस मी सांगायला नको.

भुसावळकडच्या एका गोदामात मी अशी एक काच हातात घेतली होती. समोरून ती जवळजवळ पूर्ण दिसत होती. लाल अक्षरे, पिवळी कड, मागे निळे आकाश. उलटी करून तिरप्या उजेडात पाहिली, तेव्हा कळले की निळ्याचा अर्धा भाग काचेपासून सुटून पापुद्र्यासारखा उभा राहिला आहे आणि नुसत्या जागेवर टेकून आहे. मालकाने अत्यंत आपुलकीने, माझ्यासाठी काच स्वच्छ करावी म्हणून, ओले फडके उचलले होते. ते मी वेळीच थांबवले. तेव्हाच, तिथल्या तिथे, ती काच पालथी न घालता आम्ही तिचे फोटो घेतले. पुढे काही महिन्यांनी ती काच दुसरीकडे हलवताना तिचा निळा रंग झडून गेला आणि आज त्या आकाशाचा आकार केवळ त्या फोटोंत आहे.

प्रत कशी केली जाते हे आपणांस ठाऊक असावे, म्हणजे आम्ही आपल्या यंत्राला काय करणार आहोत याविषयी शंका राहणार नाही. बाजूच्या सपाट चित्रासाठी आम्ही झाकण काढलेला हलका ए-फोर स्कॅनर वापरतो. यंत्र आडवे झोपवून, धूळ मऊ ब्रशने झटकून, स्कॅनर चित्रावर पालथा ठेवतो आणि एकेक तुकडा स्कॅन करत पुढे सरकतो. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर दोन इंच तरी चढलेला ठेवतो, म्हणजे नंतर संगणकावर ते बिनचूक जुळतात. साडेपाच फूट उंच आणि दोन फूट रुंद अशा एका बाजूला असे २८ च्या आसपास तुकडे होतात. ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके टिपले तर, एका तुकड्याची फाइल सुमारे १०० एमबी, म्हणजे एका बाजूची जवळपास ३ जीबी. आपल्याला हे अवाच्या सवा वाटेल, परंतु छपाईत जेथे बारीक ठिपक्यांनी छटा दाखवलेली असते तेथे ठिपका आणि ठिपका वेगळा दिसला नाही तर स्कॅनमध्ये लाटांसारखी जाळी उमटते आणि ती पुढे कशानेही धड जात नाही. रंग आपोआप सुधारण्याची, कडा धारदार करण्याची, ठिपके पुसण्याची स्कॅनरची सर्व बटणे आम्ही बंद ठेवतो. फाइल टिफ या प्रकारात साठवतो, कारण फोटोंसाठी नेहमी वापरला जाणारा जेपेग हा प्रकार दर वेळी नव्याने साठवताना थोडेथोडे गमावते.

काचेच्या पाटीला मात्र हा स्कॅनर चालत नाही. हलक्या स्कॅनरमध्ये सीआयएस प्रकारची पट्टी असते. कागद अगदी चिकटून असेल तरच तिला स्पष्ट दिसते, आणि येथे शाई आणि स्कॅनर यांच्यामध्ये तीन-चार मिलिमीटर काच असते. सीसीडी प्रकारच्या जाड स्कॅनरला थोडे खोलवर दिसते, पण एवढी लांब काच त्याच्या उंच कडांवर टेकून तरंगत राहते. म्हणून काचेसाठी कॅमेराच बरा : काच रंगाची बाजू मागे ठेवून उभी, कॅमेरा तिच्याशी काटकोनात, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दोन सारखे दिवे, आणि काचेत कॅमेऱ्याचे प्रतिबिंब पडू नये म्हणून समोर भिंगापुरते भोक पाडलेले काळे कापड. रंग सुटलेला असेल तर काच उभी न करता रंगाची बाजू वर ठेवून काचेच्याच टेबलावर आडवी ठेवायची आणि खालून फोटो घ्यायचा. दोन फोटो आवश्यक आहेत, एक पुढून उजेड टाकून आणि एक मागून दिवा लावून. कारण ही पाटी रात्री उजळलेली पाहण्यासाठीच बनवली होती आणि दोन्ही उजेडांत तिचे रंग वेगळे दिसतात.

रंगाच्या बाबतीत एक शोध मला फार मोलाचा वाटतो आणि तो आपल्या प्रत्येकाच्या यंत्रावर घेता येईल. जॉयस्टिकच्या दांड्याखाली एक काळी गोल चकती असते. ती वर उचला. तिच्याखालच्या वर्तुळात, जेथे कधी ऊन, घाम किंवा फडके पोहोचले नाही, तेथे छपाईचा पहिल्या दिवशीचा रंग असतो. ज्याला आपण फिकट नारिंगी समजत आलो, तो तेथे ठसठशीत लाल निघतो. असेच रंग कडेच्या प्लास्टिक पट्टीच्या दुमडीत आणि नाण्याच्या दाराच्या चौकटीमागे सापडतात. लाल आणि गुलाबी आधी विटतात, निळा आणि काळा टिकतो. म्हणून उन्हात राहिलेली यंत्रे सगळी निळसर दिसू लागतात. आम्ही प्रत्येक स्कॅनसोबत ठरावीक रंगांच्या २४ चौकटींची पट्टी आणि स्टीलची मोजपट्टी ठेवून एक फोटो घेतो, म्हणजे पन्नास वर्षांनीही कोणाला त्या रंगाचा आणि मापाचा हिशेब लावता येईल. चमकणाऱ्या फ्लोरोसंट शाया कोणत्याही स्कॅनरमध्ये खऱ्या उतरत नाहीत. तेथे शाईचा प्रकार आम्ही हाताने नोंदवतो.

येथे माझ्या सोबत्यांशी माझा जो मतभेद आहे तो आपल्यापुढेही ठेवतो. बऱ्याच जणांना स्कॅन झाला की लगेच चित्र ‘नवे’ करायचे असते : ओरखडे पुसायचे, रेषा सरळ करायच्या, रंग भडक करायचे आणि आता तर गहाळ भाग संगणकाकडून भरून घ्यायचा. चित्राची नवी छापील प्रत करून यंत्रावर लावायला माझा विरोध नाही. तो माझा धंदाच आहे. परंतु मूळ स्कॅनला कोणी हात लावू नये. त्या काळी प्रत्येक रंगाची फिल्म लाल रंगाच्या पातळ पदरातून ब्लेडने हाताने कापत. रेषेतला किंचित कंप हा कापणाऱ्याच्या मनगटाचा आहे. लाल आणि काळा यांच्यात राहिलेली केसभर फट ही त्या दिवशी छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन, किती सरकली होती याची खूण आहे. ही फट बुजवली की चित्र सुंदर दिसेल आणि ते कसे छापले होते हे कळण्याची वाट बंद होईल. संगणकाने कल्पनेने भरलेले आकाश तर मुळी पुरावाच नव्हे. म्हणून कच्चा स्कॅन वेगळा, दुरुस्त केलेली प्रत वेगळी, आणि दुरुस्तीत काय बदलले याची लेखी नोंद तिसरी, असे आम्ही ठेवणार आहोत, मग कोणाला ते कितीही वेळखाऊ वाटो.

प्रती कोठे राहतील, हा आपल्यापैकी अनेकांनी विचारलेला प्रश्न आहे. याबाबतीत खान्देशाच्या सीमेवरच घडलेली एक गोष्ट मी कायम समोर ठेवतो. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल हा अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमला. त्याने वर्षानुवर्षे तेथे राहून मोठ्या तैलचित्रांत त्या प्रती केल्या आणि लंडनला पाठवल्या. तेथे त्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या, आणि लंडनमध्येच १८८५ च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. दरम्यान भिंतींवरची मूळ चित्रे झिजतच होती. ज्या प्रती वाचल्या आणि गिलने जे फोटो काढले, त्यांवरून आज भिंतीवर नसलेले तपशील अभ्यासकांना पाहायला मिळतात. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. एवढ्या कष्टाचे काम एकाच छताखाली ठेवले गेले, याचे मला फार वाईट वाटते.

त्यामुळे प्रत्येक यंत्राच्या तीन प्रती असतील : एक आमच्याकडे हार्ड डिस्कवर, एक आपल्याकडे पेनड्राइव्हवर आणि एक तिसऱ्या गावी, एखाद्या संस्थेच्या ताब्यात. ही तिसरी जागा खान्देशातलीच असावी असा माझा आग्रह आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा करत आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे, जळगावात १८७७ सालापासूनचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय आहे, आणि तिन्ही जिल्ह्यांसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. या संस्थांना आम्ही स्वतंत्रपणे विनंती करणार आहोत. चाळीसगावला छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचा बंगला आणि त्यातला संग्रह लोकांना पाहता येतो, तो एका माणसाने आयुष्यभर आपली कामे नीट राखली म्हणून. आपल्या पेंटरांना तशी संधी मिळाली नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. यंत्र आपल्या मालकीचे असले तरी त्यावरच्या छापील चित्राचा हक्क कंपनीचा किंवा चित्रकाराचा असू शकतो; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा हक्क सामान्यतः चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून आम्ही या प्रतींची विक्री करणार नाही, टी-शर्ट छापणार नाही आणि कोणाला छापू देणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर याच कायद्यात, ज्या बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ वस्तू आहे त्याला ती जतनासाठी डिजिटल स्वरूपात साठवण्याची मुभा आहे. आपल्यापैकी कोणाला फुटकी काच किंवा सोललेला थर वाचनालयाला भेट द्यावासा वाटला, तर त्याने जतनाची वाट अधिक सोपी होईल. स्थानिक पेंटरचे नाव आपणांस आठवत असेल तर ते आवर्जून सांगावे. ते किंवा त्यांचे कुटुंबीय भेटले तर त्यांची संमती घेऊ आणि त्यांचे नाव चित्रासोबत राहील. आपले स्वतःचे नाव नोंदीत हवे की नको, हे आपण ठरवावे. पार्लर कधी बंद झाले, परवाना होता की नव्हता, यंत्र कोठून घेतले, याची चौकशी आम्ही करणार नाही.

भंगार व्यापाऱ्यांना वेगळे सांगणे आहे. आपण यंत्र घेता ते तांब्यासाठी, ट्रान्सफॉर्मरसाठी आणि लोखंडासाठी. प्लायवूड सरपणात जाते आणि काच फुटते. त्या दोन्हींचे आपणांस काही मिळत नाही, हे मला माहीत आहे. यंत्र दारात आले की दोन्ही बाजू, वरची पाटी आणि बटणांची फळी तोडण्याआधी बाजूला उभी करून ठेवावी. सरपणाच्या आणि काचेच्या भावापेक्षा चांगला भाव देऊन आम्ही ती घेऊन जाऊ. मोबाइलवर फोटो पाठवणार असाल तर तो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, कारण साधा पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो. पण एवढा फोटो यंत्र ओळखण्यापुरता आहे, प्रतीची जागा तो घेऊ शकत नाही.

तोवर सर्वांनी एवढे पाळावे. काचेच्या मागच्या बाजूला पाणी, कॉलिन, थिनर काहीही लावू नये. सुटलेल्या रंगावर सेलोटेप चिकटवू नये. ती काढताना उरलेला रंग घेऊन जाते. माथ्यावरची ट्यूब बंद ठेवावी. यंत्राखाली दोन विटा घालून ते जमिनीपासून वर उचलावे आणि भिंतीपासून थोडे लांब ठेवावे. बाजूचे प्लास्टिकचे चित्र सोलून ‘जपून’ ठेवण्याचा प्रयत्न करू नये, कारण जुना गोंद सुटताना ते ताणले जाते आणि मग त्याचे खरे माप कोणालाच सांगता येत नाही.

धुळे आणि जळगाव शहरांतल्या यंत्रांकडे आम्ही स्वतः येऊ. यात्रेत फिरणाऱ्या मालकांसाठी येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत स्कॅनर, कॅमेरा आणि काळे कापड घेऊन थांबण्याचा आमचा विचार आहे. ज्यांना पूर्ण यंत्र आणणे शक्य नाही, त्यांनी निदान वरची पाटी आणावी : रंगाची बाजू वर, काच आडवी, चारही कडांखाली गोधडीची घडी, आणि रंगाला वर्तमानपत्रसुद्धा टेकणार नाही अशा खोक्यात. एका पाटीला दोन तास पुरतात. फोटो झाल्यावर पाटी आणि तिच्या फाइलींचा पेनड्राइव्ह आपल्याला तेथेच परत मिळेल.

आपला नम्र,
एक स्क्रीन प्रिंटर, धुळे